देव्हाऱ्यातला राणीछाप

कार्डाचा कोपरा फाडलेला होता. वसतिगृहाच्या शिपायानं ते माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवलं, तेव्हाच कुणीतरी गेलं हे कळलं. कोण, एवढंच वाचायचं राहिलं होतं. मजकूर दोन ओळींचा. ‘बंडगर मास्तर मंगळवारी वारले. कळावे.’ पुस्तक इंग्लंडच्या इतिहासाचं होतं. दुसऱ्या दिवशी चाचणी होती आणि राणीच्या साठाहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीवरचं प्रकरण मी चौथ्यांदा वाचत होतो. वाचत होतो असं तरी कसं म्हणू... ते मला मास्तरांच्याच आवाजात पाठ होतं. मी कार्ड पुस्तकात ठेवलं, चाचणी दिली आणि पहिला आलो. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. असले लेख मी कधी लिहिलेले नाहीत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केलेली नाही. काही मागेपुढे झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही आटपाडीकडचे मेंढपाळ. पावसाळा सरला की वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरत आणि बागायतदारांच्या रानात खतासाठी बसवत. आष्ट्याच्या पुढच्या एका गावी, ज्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तळ पडला असताना बंडगर मास्तर वडिलांना भेटले. तेही आमच्यातलेच, त्या भागात आमच्यातले पहिले मॅट्रिक झालेले. मला शाळेत ठेवा म्हणाले. वडील हसले. “आवं मास्तर, ह्यो शिकला तर मेंढरं काय तुमी राखणार?” मास्तर म्हणाले, “राखतो की. मला येतंय ते काम. तुमी आदी ह्याला तर सोडा.” त्या हसण्याहसण्यात माझं आयुष्य ठरलं. मी शाळेच्या पडवीत राहू लागलो आणि दर रविवारी मास्तरांच्या घरी जेवायला जाऊ लागलो. घरात दोघंच, मास्तर आणि त्यांची म्हातारी आई. तिला सगळं गाव म्हाळाक्का म्हणे.

मास्तर इतिहास शिकवत. त्यांची एक सवय होती. धडा मुलांकडून मोठ्यानं वाचून घेत आणि कुणी अवघड मजकूर गाळून पुढं गेला, की बोटानं थांबवत. मग अगदी पहिल्या ओळीपासून पुन्हा. परकी नावं आली की माझी जीभ अडे. मी हळूच परिच्छेद सोडून देई. एकदा त्यांनी मला धरलं. “मेंढरू चुकलं तर मागं जाऊन आणतोस का नाही? मग हा परिच्छेद कुणासाठी टाकून आलास?” वर्ग हसला. त्या वर्गात मला ‘लेंडी’ म्हणत. मास्तर रागावत, पण मास्तर वर्गात दिवसातून एक तास असत आणि मुलं दिवसभर.

राणीच्या काळावरचा धडा ते तीन तीन आठवडे चालवत. राणीवर मात्र त्यांचा एक तासही जात नसे. खाणीत कमरेला साखळी बांधून रांगत कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुली, धुराड्यात चढवलेली पोरं, नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत कोंडणारी गरिबांची घरं, पटकीनं साफ झालेल्या गल्ल्या, हे सगळं ते असं सांगत, की जणू ती माणसं आमच्याच चावडीमागं राहत होती. मग हळूहळू कायदे कसे आले, मजुराला मत कसं मिळालं, त्याचं पोर शाळेत कसं गेलं... इथं आले की मास्तर थोडे थांबत. खिडकीतून बाहेर बघत आणि पुस्तक मिटत. ते का थांबतात हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं. मला होतं.

त्यांच्या देव्हाऱ्यात बिरोबाच्या आणि खंडोबाच्या टाकांशेजारी एक राणीछाप रुपया होता. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं, की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवून घेतात आणि तो टाक देवांबरोबर पुजतात. मास्तरांचे वडील मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडत होते. दरड कोसळून त्याखाली गेले. मास्तर तेव्हा म्हाळाक्काच्या पोटात होते. मुकादमानं माणसाच्या बदल्यात तिच्या हातावर तो रुपया ठेवला. तिनं तो मोडला नाही. टाक घडवायला सोनाराला द्यायला काही नव्हतं, म्हणून तिनं रुपयाच बसवला आणि त्यालाच नवरा मानून रोज हळद वाहिली. मी पहिल्यांदा बघून चकित झालो, तेव्हा ती म्हणाली होती, “तोंड बाईचं हाय तर असूंदे. चांदी त्येच्या मरणाची हाय.” मास्तर भाकरी मोडता मोडता म्हणाले, “त्याच राणीच्या राज्यात रं. तिथल्या पोरांला खाणीतनं काढायला कायदा झाला. माझा बाप हितं दगडाखाली गेला, त्येची कुठं ओळ बी न्हाई. धडा शिकवताना रोज वाटतं, पोरांस्नी ह्ये बी सांगावं. सांगवत न्हाई.”

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीनं आमच्या भागात सगळंच पेटलं होतं. शाळा कधी भरे, कधी ओस पडे. गावात गोळीबाराची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बारा-तेरा मुलं वर्गात होतो आणि मास्तरांनी नेहमीसारखा राणीचा धडा उघडला. पोरं उठून बाहेर गेली. मीही गेलो. शाळेमागच्या कट्ट्यावर बापू नावाचा थोराड मुलगा बसला होता. त्याच्या शब्दावर सगळे चालत. मास्तर सरकारचा माणूस आहे असं त्यानं ठरवून टाकलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “लेंडी, तू जेवतोस न्हवं त्येच्यात? देव्हाऱ्यात राणी पुजतोय म्हंत्यात. खरं का रं?”

सगळे माझ्याकडं बघत होते. बापूनं सरकून कट्ट्यावर मला जागा केली. त्या शाळेतल्या इतक्या वर्षांत त्या कट्ट्यावर मला कुणी बसवून घेतलं नव्हतं. मी बसलो आणि म्हणालो, “व्हय. राणीछाप हाय. रोज हळद वाहत्यात.”

पुढची गोष्ट माझ्या ओठांवर होती. दुष्काळ, दरड, टाक... सगळं सांगायला फार तर चार वाक्यं लागली असती. मी ती सांगितली नाहीत. भीती वाटली म्हणून नव्हे. बापू माझ्या पाठीवर थाप मारत होता आणि मला ते फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बापूनं आणि पोरांनी मास्तरांना ओढ्याकडच्या बाभळीत नेलं. मीही गेलो. पालथं पाडलं. दोघं पाठीवर बसले, दोघांनी पाय धरले. मास्तरांचा चष्मा बापूनं माझ्या हातात दिला. “धर, फुटंल. मास्तरला उद्या धडा वाचायचा हाय.” मग तळव्यांवर काठी सुरू झाली. कुणाला तरी गंमत सुचली. दर काठीला धड्यातला एक प्रश्न. “तुमच्या देव्हाऱ्यातली राणी गादीवर कवा बसली?” मास्तरांनी साल सांगितलं. “खाणीत कितव्या वर्साच्या पोराला बंदी?” मास्तर म्हणाले, “दहाच्या आतल्या.” “आट की हो, मास्तर!” एक जण ओरडला. तोंडात माती असताना मास्तरांनी मान वळवली आणि म्हणाले, “आठ न्हवं. दहा. बघ पुस्तकात.” सगळी पोरं पोट धरून हसली. काठ्या मी मोजल्या नाहीत. आईचा, रुपयाचा, वडिलांचा एक शब्दही त्यांनी काढला नाही. काढला असता तर पोरं घरी गेली असती, देव्हाऱ्यापाशी, म्हातारीपाशी. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पोरं गेल्यावर मी चष्मा द्यायला वाकलो. त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. आवाज अगदी वर्गातला होता. “परिच्छेद गाळलास.” एवढंच.

चळवळीतल्या एका जाणत्या माणसाच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यानं पोरांना बोलावून फैलावर घेतलं, असलं करायला तुम्हांला कुणी सांगितलं होतं म्हणून. बापू परत कट्ट्यावर आला आणि म्हणाला, “चूक झाली खरी. पर मास्तर बी उत्तरं काय चोख देत हुता!” पुन्हा हसू झालं. मी हसलो. तेही इथं लिहिलं पाहिजे.

मास्तर टाचांवर चालू लागले. लहान मुलं मागून तसंच चालून दाखवत. एका तळव्याची जखम भरलीच नाही, चरत गेली. पुढं मिरजेला नेऊन गुडघ्याखाली पाय कापावा लागला आणि शाळेनं त्यांना रजा दिली ती कायमचीच. रविवारी मी जेवायला जायचं सोडलं. म्हाळाक्का निरोप धाडायची, मी अभ्यासाचं कारण सांगायचो. तरी माझ्यासाठी सांगलीच्या कॉलेजला पत्र लिहिलं ते मास्तरांनीच. ‘मुलगा कष्टाळू आहे. वाचन चांगले आहे.’ ते पत्र मी हातात घेऊन सांगलीला गेलो.

कार्ड आल्यावर चौथ्या दिवशी मी गावी पोचलो. सांगायचं असं ठरवूनच निघालो होतो. मोटारीत वाक्यंही जुळवली होती. म्हाळाक्काला आता नीट दिसत नाही. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं मला ओळखलं. देव्हाऱ्यापुढं घेऊन गेली. रुपया घासून घासून इतका झिजलाय, की त्यावर आता कुणाचंच तोंड राहिलेलं नाही. त्यावर दोन फुलं होती. “येक बाचं, येक लेकाचं,” ती म्हणाली. “दुसरी चांदी कुटनं आणू? दोगं ऱ्हातील त्यात.” मग पिठलं-भाकरी वाढली. मी समोर बसून जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या, भूक होती. ती भिंतीला टेकून बसली होती.

“पोरांनी पाय फोडलं, त्येचं न्हाई वाटत मला,” ती म्हणाली. “पोरं ती. पर देव्हाऱ्यातलं त्येस्नी सांगितलं कुनी? आमच्यात यून जेवलेलंच कुनीतरी असणार. तुला काय ठावं हाय का रं?”

घास तोंडात होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला, तेवढाच मला मिळाला होता. “न्हाई,” मी म्हणालो.

“मला वाटलंच. तू कवाच कॉलेजात गेलतास,” ती म्हणाली. तिच्या हिशोबात वर्षं मागंपुढं झाली होती. मी ती सुधारली नाहीत.

निघताना तिनं माझा हात धरून ठेवला. “तू शिकलास. पेपरात त्येच्यावर काय तरी लिव्ह. समदं लिव्ह. आन छापून आलं की हितं आन, मला वाचून दाव. दुसऱ्या कुनी नगं. तूच.”

म्हणून हे लिहिलं. पुरवणी रविवारी निघते असं संपादकांनी कळवलं आहे. ती घेऊन मी आष्ट्याच्या मोटारीत बसेन, दुपारपर्यंत पोचेन. म्हाळाक्का भिंतीला टेकून बसेल आणि मी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचू लागेन. कट्ट्याचा परिच्छेद कितवा आहे हे मी आताच मोजून ठेवलं आहे. तो आला की मी काय करीन हे मला अजून माहीत नाही... तिला वाचता येत नाही, दिसतही नाही, आणि बोटानं थांबवणारे मास्तर आता नाहीत.