दांड्याचं दुसरं टोक

आमच्यातला एकही जण सुतार नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही सुताराच्या हातून झालं नसतं.

अमरावतीत एका दंतवैद्याच्या घरामागे टिनाची शेड आहे. दर रविवारी आम्ही चौघे तिथे जमतो आणि लाकूडकाम करतो. दंतवैद्य आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघतो आणि रविवारी फळ्यांवर वाकतो. लाकडाला पटाशी लावण्याआधी तो टॉर्च मारून एकेक बारीक भेग शोधतो. हा पेशंट ओरडत नाही एवढाच फरक, असं म्हणतो. दुसरा शहराबाहेर झेंडू आणि शेवंती पिकवतो. पहाटे फुलबाजार उरकून तो नऊला शेडमध्ये येतो आणि फळीवर नख दाबून सांगतो की अजून ओली आहे, महिनाभर ठेवा. त्याचं म्हणणं चुकलेलं मी पाहिलेलं नाही. तिसरा एसटीत कंडक्टर आहे, अकोल्याला राहतो. सुट्टीच्या दिवशीही तो बसनेच येतो. भरलेल्या गाडीत आणखी एक माणूस कुठे मावेल हे त्याला जसं दिसतं, तसं एका फळीतून किती तुकडे निघतील हेही दिसतं. त्याने आखलं की भुश्याशिवाय काही वाया जात नाही.

आणि मी. बावीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. माझं काम म्हणजे तपासणं, लिहिणं, पुन्हा तपासणं. नळीवर नाव नसेल तर ती फेकायची. रक्त कोणाचं आहे हे मला पक्कं ठाऊक असलं तरी फेकायची. शेडमध्येही माझी ओळख तीच झाली. मी फार चांगला कारागीर नाही, माझा रंधा अजूनही अडखळतो, पण शेवटची जुळवाजुळव नेहमी माझ्याकडे येते. काटकोन बघायचा, गम लावायचा, जोड दाबून धरणारे शिकंजे आवळायचे, ओघळलेला गम पुसायचा. एकदा फुलवाल्याच्या स्टुलाचा पाय हलायला लागला, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला ऐकवलं होतं की न बघता पुढे जाणाऱ्याने लाकडाला हात लावू नये. तो हसला होता. मला ते हसू आवडलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कंडक्टरच्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आम्ही ठरवलं की पाळणा आपणच करायचा. परतवाड्याहून जुनं सागवान आणलं. दंतवैद्याने कठड्याच्या काड्या कोरल्या, फुलवाल्याने दोन बाजूंचे पाय केले, कंडक्टरने पाळण्याची पेटी केली. उभा सांगाडा जोडायचं काम माझ्याकडे आलं. रचना साधी होती. दोन बाजूंना दोन उभे पाय, खाली बोल्टने आवळलेली एक पट्टी आणि वर एक दांडा. दांड्याची दोन्ही टोकं पायांमधल्या खाचांत बसायची, आणि त्या दांड्याला पाळणा टांगायचा. वर खिळा, स्क्रू काही नाही. सगळा भार त्या दोन टोकांवर.

जोडणीच्या आधी सगळं कोरडंच बसवून बघायची आमची पद्धत आहे. काटकोन नीट आला की एकेक टोक काढून गम लावायचा. जोडणीसाठी मी शनिवारीच एकटा शेडमध्ये गेलो. दांडा कोरडा बसवला, इतका घट्ट बसला की मलाच बरं वाटलं. डावं टोक काढलं, गम लावला, परत ठोकलं. तेवढ्यात पेढीतून फोन आला. एका बाईला तातडीने दुर्मिळ गटाचं रक्त लागत होतं. मी हात पुसले आणि निघालो. चारच्या सुमाराला परत आलो तेव्हा सांगाडा ताठ उभा होता, शिकंजे दोन्ही बाजूंना लागलेले होते. मी ओल्या फडक्याने दोन्ही टोकं पुसली, नेहमीसारखी. दुसऱ्या दिवशी काचपेपर मारला, पॉलिश केलं. बाळ झाल्याचं कळलं त्या दिवशी फुलवाल्याने आपल्या फुलांच्या गाडीत घालून तो पाळणा अकोल्याला पोचवला.

बारसं रविवारी होतं. गुरुवारी दुपारी पेढीत माझ्या हातात एक नळी आली. तिच्यावर नाव नव्हतं. आमच्या नव्या मुलीने ती भरली होती. ती म्हणाली, सर, मला नक्की आठवतंय कोणाची आहे. फेक ती, हे नेहमीचं वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. दांड्याच्या उजव्या टोकाला गम लावला होता का, हे मला आठवेना.

डावं आठवत होतं. हातोड्याचा आवाज आठवत होता, फोन आठवत होता. शिकंजा उजव्या बाजूलाही लावलेला आठवत होता, पण तो गम लावून आवळला की नुसताच आधाराला, ते काही केल्या समोर येईना. दुसऱ्या कोणाच्या जोडावर गम बाहेर आलेला दिसला असता. मी तो पुसून टाकतो, त्यामुळे बघून कळणारही नव्हतं. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. इथे प्रत्येक पिशवीवर वेळ, तारीख, सही, आणि तिथे खडूची एक रेघसुद्धा नाही.

संध्याकाळी दंतवैद्याला फोन केला आणि आडून विचारलं, सागवानाचा घट्ट जोड गमाशिवाय किती टिकेल. तो म्हणाला की नुसतं वजन असेल तर वर्षं काढेल, पण हलत राहिला तर आतल्या आत सरकत जाईल, आणि सुटेल त्या दिवशीच कळेल. कशासाठी विचारताय, असंही म्हणाला. मी म्हणालो, सहज.

बायकोला मात्र सांगितलं. ती भाकऱ्या करत होती. तिने तवा उतरवला आणि एवढंच म्हणाली, "मग फोन करा."

शुक्रवारी मी फोन केला. हे लिहायला मला जड जातंय. कंडक्टर आनंदात होता, मागे पाहुण्यांचा आवाज येत होता. त्याने सांगितलं की तेल्हाऱ्याची विहीण आली आहे, पाळणा बघून म्हणाली, हा तर दुकानातला दिसतो. मग त्याने तिला आम्हा चौघांची नावं सांगितली म्हणे, आणि शेवटी जोडणी कोणी केली तेही सांगितलं. मी बराच वेळ हं हं करत राहिलो. फुलवाल्याचं हसू आठवत होतं. मग मी त्याला रविवारी सकाळची गाडी किती वाजता आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

मी स्वतःला समजावलं की लवकर जाऊ, दोरी बघतो म्हणून गुपचूप पाय हलवून बघू, सुटा निघाला तर तिथेच गम लावू. पिशवीत गमाची बाटली, लाकडी हातोडा आणि पाना घेतला. कोणाला काही सांगावं लागणार नव्हतं. बाळाला तोपर्यंत पाळण्यात ठेवत नाहीत, बारशालाच पहिल्यांदा ठेवतात, यावर मी दोन रात्री काढल्या.

बस मूर्तिजापूरला थांबली ती थांबलीच. पुढे रस्त्याचं काम होतं. मी पोचलो तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. दंतवैद्य आणि फुलवाला गाडीने आधीच येऊन अंगणात चहा घेत होते. पाळणा बैठकीच्या मधोमध उभा होता, झेंडूच्या माळा लावलेला, आणि बायका त्याच्याभोवती उभ्या होत्या. दोरी बघायला जागाच नव्हती.

आधी वरवंटा आणला. बाळाआधी पाळण्यात वरवंटा ठेवायची रीत आहे. त्याला टोपडं घातलं होतं, काजळ लावलं होतं. विहीणबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलून पाळण्यात ठेवला आणि झोका दिला. माझी नजर दांड्याच्या उजव्या टोकावर होती. मी मनात म्हणत होतो, सुट, आत्ताच सुट. दगडावर सुटला तर दगडच पडेल, माझं तोंड उघडायचं काम राहणार नाही.

दांडा हलला नाही. कुरकुरलाही नाही. बायका हसल्या, कोणी म्हणालं, दगड झोपला आता लेकरू आणा. आणि मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. धरलं की. वरवंटा काय बाळाएवढाच जड. एक क्षण मी तिथेच हे सगळं मिटवून टाकलं होतं.

मग मुलगी बाळाला घेऊन आतून आली. बारा दिवसांचं बाळ, मुठी मिटलेल्या. आणि मला दंतवैद्याचं बोलणं आठवलं, की वजनाने नाही, हलण्याने. हा पाळणा आज नाही सुटणार. महिन्याने, तीन महिन्यांनी, दुपारच्या झोपेत सुटेल, आणि तेव्हा मी अमरावतीत असेन.

"ठेवू नका," मी म्हणालो. आवाज लहानच निघाला. परत म्हणालो, "बाळाला त्यात ठेवू नका."

सगळ्या वळल्या. विहीणबाईंनी मला खालून वर पाहिलं. "काहून, भाऊ? मुहूर्त तुमी काढला काय?"

मी सांगितलं. दांड्याचं एक टोक बहुतेक नुसतंच बसवलंय, त्याला गम नाही, मला नक्की आठवत नाही. विहीणबाई म्हणाल्या, दगड तं तुमच्या डोयासमोर धरला ना त्यानं. मी म्हणालो, दगड धरणारच, झोक्याने सुटेल. त्यांनी सुनेच्या हातून बाळ आपल्याकडे घेतलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

कंडक्टर दारात उभा होता. त्याने वरवंटा उचलून बाजूला ठेवला, पेटी दांड्यावरून सोडवली, माळा काढल्या. मग आम्ही चौघांनी सांगाडा उचलून मागच्या अंगणात नेला. आत कोणीतरी जुन्या लुगड्याची झोळी बांधायला घेतली.

मी पान्याने खालच्या पट्टीचे बोल्ट सोडवले. डाव्या पायाला आतून हातोडा मारला. ठक्क. जागचा हलला नाही. उजव्या पायाला मारला. पहिल्याच ठोक्याला पाय बाजूला झाला आणि दांड्याचं टोक खाचेतून बाहेर आलं. कोरं. ताज्या लाकडाचा रंग, गमाचा थेंब नाही. दंतवैद्याने सवयीने टॉर्च काढून खाचेत पाहिलं आणि टॉर्च बंद केला. फुलवाला त्या टोकाकडे बघत होता. मी वाट बघत होतो त्याने काहीतरी म्हणावं म्हणून. तो म्हणाला, "निघालं ते बरं झालं," आणि अजिबात हसला नाही.

मला वाटलं आता संपलं. चूक निघाली, बाळ सुखरूप, माफी मागायची राहिली. मी माफी मागितली. फोन आला होता ते सांगितलं, ती बाई वाचली हेही सांगितलं, जणू त्याने काही फरक पडणार होता.

कंडक्टरने सगळं ऐकून घेतलं. तिकिटाचे पैसे घेताना माणसाकडे बघतो तसा बघत होता. "तुमाले कवा समजलं?"

"गुरुवारी."

आत बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती.

"शुक्रवारी तं आपलं बोलणं झालं," तो म्हणाला. "तुमी मले गाडीचा टाइम विचारला."

मी हो म्हणालो. चूक कोणाच्याही हातून होते, असं दंतवैद्य मधेच पुटपुटला, पण मला आणि कंडक्टरला माहीत होतं की त्याचा प्रश्न चुकीबद्दल नव्हता. त्याच्या नातवाचे तीन दिवस मी माझ्या नावासाठी वापरले होते. कोणी एक दिवस आधी बाळाला त्यात झोपवून दोन मोठे झोके दिले असते तर काय झालं असतं, हे त्याने मला विचारलं नाही. बरं झालं असतं विचारलं असतं तर.

मी पिशवीतून गमाची बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरली. तुम्हीच लावा, असं मला म्हणायचं होतं. आता माझ्या हाताने नको.

त्याने बाटली घेतली नाही. उलटी करून ठेवलेली एक बादली ओढली, माझ्यासमोर बसला, गुडघ्यांवर हात ठेवले. "लावा," तो म्हणाला. "मी पायतो."

आत नाव ठेवलं गेलं, ते आम्हाला बाहेरूनच ऐकू आलं. तो उठला नाही. मी टोकाच्या चारही बाजूंना गम लावत होतो. बावीस वर्षं मी लोकांच्या मागे उभा राहून त्यांचं काम तपासलं आहे. कोणी असं समोर बसून माझं तपासलं नव्हतं. खाचेतही गम लावला, फिरवून पाहिलं, आणि टोक आत ढकलायला हातोडा उचलला.

"थांबा," तो म्हणाला, आणि खाली वाकून टोकाच्या मागच्या कडेवर बोट ठेवलं. "इकडं राह्यलं."

मी पाहिलं. खरंच राहिलं होतं.