साध्या पाण्याने धुतलेल्या सहा काचा

आमच्या कानडी शहरातल्या शिवाजीनगरच्या एका गल्लीत कातड्यांचं गोदाम होतं. मीठ लावलेली कातडी कारखान्यात जाण्याआधी तिथे थप्प्या लावून ठेवत. उन्हाळ्यात काहींच्या मांसाच्या बाजूवर लालसर डाग पडत. हात लावला की बुळबुळीत लागत. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तेच डाग हवे होते. ती पीएच.डी. करत होती.

"अच्छा माल छोड के सड़ा हुआ लेते क्या, अक्का?" गोदामवाल्याने विचारलं.

अक्का हसली आणि चिमट्याने तुकडा डबीत घातला. डबी मी धरली होती. तो वास घशात बसला आणि दुपारी ताकभातालाही आला.

ही नव्वदच्या दशकाची अखेर. मी एका दैनिकात उपसंपादक होतो आणि सुट्टीच्या दिवशी अक्काची हमाली करत असे.

डाग आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचे होते. दिसायला जीवाणूंसारखे, पण घराणं वेगळं. यातले दाट मिठाच्या पाण्यात जगत आणि केसांसारख्या तंतूंनी पोहत. अक्काकडे एक न पोहणारा वाणही होता. त्याच्या तंतूंच्या जनुकात बिघाड होता. पोहायला लागणारे तंतूच काचेला चिकटायलाही लागतात का, हा तिचा प्रश्न. उत्तर 'हो' आलं तर प्रबंधाचं मुख्य प्रकरण तयार होणार होतं. चार वर्षं त्यात गेली होती.

त्या रविवारी लॅबमध्ये बारा काचा होत्या. सहा पोहणाऱ्यांच्या, सहा न पोहणाऱ्यांच्या. न चिकटलेले जीव धुऊन काढायचे आणि उरलेले मोजायचे. पोहणाऱ्यांच्या सहा अक्काने धुतल्या. तेवढ्यात गाइडनी तिला बोलावलं.

"बाकीच्या तू धू. त्या बाटलीतल्याच पाण्याने, हं."

बाटलीत मिठाचं पाणी होतं. काचेवरून गुलाबी चिकट पाणी माझ्या मनगटापर्यंत ओघळलं. मला गोदामातला तो वास आठवला. घरी काही घाण झालं की नळाखाली धरायचं, हीच सवय. सहाही काचा मी नळाखाली धरल्या, मग हात साबणाने दोनदा धुतले.

अक्काच्या काचांवर जीव चिकटलेले होते, माझ्या सहा रिकाम्या निघाल्या. अक्काने तीनदा पाहिलं. "पोहत नाहीत, चिकटतही नाहीत," ती म्हणाली. गाइडनी शुक्रवारी तिचं व्याख्यान ठेवलं आणि बाहेरच्या दोन प्राध्यापकांना बोलावलं.

सोमवारी जेवताना आईने विचारलं, "हे किडे घरात आणत नाहीस ना? परवा तुझ्या ओढणीला वास होता."

"आले तरी जगणार नाहीत, आई. साध्या पाण्याचा थेंब लागला की फुटतात."

माझ्या हातातला घास ताटात परत गेला. मला स्वतःची किळस आली. तरी मी बोललो नाही. मंगळवार गेला. बुधवारी ती आरशासमोर व्याख्यानाची तालीम करत होती, तेव्हा सांगितलं.

"त्या सहा काचा मी नळाखाली धुतल्या."

"का?"

"घाण वाटली."

अक्काने कागद खाली ठेवले. "आणि सांगायला तीन दिवस? पत्रकार म्हणे." मग म्हणाली, "सरी, ठीक आहे. चल, काचा पुन्हा लावू. या वेळी सगळ्या तूच धुवायच्या."

गुरुवारी मी बाराही काचा बाटलीतल्या पाण्याने धुतल्या. बोटांवर मीठ वाळून पांढरं झालं. तिने हात धुऊ दिले नाहीत. न पोहणारे जीव काचेला चिकटलेले होते, पोहणाऱ्यांइतकेच घट्ट. चिकटण्याचं काम दुसऱ्याच कशाचं तरी होतं. ते कशाचं, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मुख्य प्रकरण गेलं होतं.

शुक्रवारी ती हेच बोलली. गाइडनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग आधीचा निकाल?"

"धुताना चूक झाली, सर. माझ्याकडून."

"चार वर्षांनी तुम्हाला काच धुता येत नाही?"

तिने पुढचा कागद वर घेतला. मी शेवटच्या रांगेत होतो, मांडीवर वही. आमच्या दैनिकात चुकीची दुरुस्ती दुसऱ्या पानाच्या तळाशी छापत. चूक कोणी केली, ते त्यात कधीच नसे. तसल्या दुरुस्त्या मीच लिहीत असे. मी उठलो नाही.