मराठीत विचारायचा प्रश्न

चाळिशी ओलांडल्यावर मी युनिव्हर्सिटीत नाव घातलं. विषय होता मेंटल हेल्थ अँड वेलबीइंग. बारावीनंतर माझं लग्न झालं आणि शिक्षण तिथंच सुटलं, त्यामुळे मला थेट पहिल्या वर्षाला घेतलं नाही. माझ्यासारख्यांसाठी आधी एक फाउंडेशनचं वर्ष असतं. निबंध कसा लिहायचा, वाचलेलं आपल्या शब्दांत कसं मांडायचं हे त्यात शिकवतात आणि विषयाची तोंडओळख करून देतात.

दुबईत अल कुसैसला आमचं डब्यांचं किचन आहे, मी आणि माझे यजमान मिळून चालवतो. हा विषय मी घेतला तोही एका डब्यामुळेच. एका बॅचलर गिऱ्हाइकाचा डबा न उघडता परत यायला लागला होता. भाजी बदलून बघितली, चपातीऐवजी भाकरी देऊन बघितली, डबा जसाच्या तसा परत. मग एकदा त्याच्या खोलीतल्या माणसाने सांगितलं की कंपनीने त्याला घरी पाठवलं, दिमाग से बीमार है म्हणाले, खलास. पुढे त्याचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ते भरलेले डबे माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात.

घरी सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, एव्हरीवन विल बी माय एज." यजमान एवढंच म्हणाले की शीक, पण घरच्यांवर प्रयोग करू नकोस. ते हसत म्हणाले होते, मीही हसले.

मुलगी म्हणाली ते खरंच होतं. वर्गात माझ्या शेजारी बसायची ती रत्नागिरीकडच्या मुस्लिम घरातली मुलगी होती, इथंच जन्मलेली, माझ्या लेकीहून थोडीशीच मोठी. माझ्याशी ती इंग्रजी, हिंदी आणि आजीकडून शिकलेली कोकणी असं मिसळून बोलायची. आमच्या प्राध्यापिका मूळच्या लेबनॉनच्या, बुटक्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या. पहिल्या सत्राच्या शेवटी त्यांनी आम्हाला जोड्या करून समोरासमोर बसवलं आणि एक प्रश्न विचारायला शिकवलं. समोरचा माणूस जीव द्यायचा विचार करतोय अशी शंका आली तर आडवळणाने जायचं नाही, सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट तो एकट्याने वाहात असलेलं ओझं दुसऱ्याला दिसतं.

इंग्रजीत ते मला लगेच जमलं. मग त्या म्हणाल्या, आता आपापल्या घरच्या भाषेत विचारा. मी शेजारणीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. आमच्या घरी मरणाचा शब्द कुणी उच्चारला तरी मोठी माणसं "शुभ बोल" म्हणून गप्प करतात. ती मुलगीही अडली होती. शेवटी दोघींनी मिळून एक वाक्य जुळवलं: तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का? ते मी तिला विचारलं तेव्हा ती अभ्यासापुरती समोर बसलेली असूनही माझ्या अंगावर काटा आला.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या जावेला मुलगी झाली. ती आणि माझे दीर दुबई मरीनात राहायचे, एका टॉवरच्या बऱ्याच वरच्या मजल्यावर. जाऊ एमबीए झालेली, बँकेत नोकरीला, घरात सगळ्यांत हुशार. तिची आई बाळंतपणाला आली होती, पण वडिलांची तब्येत बिघडल्याने लवकर परत गेली. मग मी अधूनमधून डिंकाचे लाडू, अळिवाची खीर घेऊन मेट्रोने जायला लागले.

घर नेहमी आरशासारखं लख्ख असायचं. तान्ह्या बाळाच्या घरात दुपटी वाळत असतात, कुठंतरी बाटली लवंडलेली असते. तिथं तसलं काही नसायचं. जाऊ केस विंचरून, बाहेरचे कपडे घालून दार उघडायची. कशी आहेस विचारलं की म्हणायची, "एकदम ठीक आहे, ताई." बाळ झोपलं की तू पण पड जरा, असं मी सांगितलं तर ती मान हलवायची आणि पाळण्याजवळ उभी राहायची. बाळाला ती नावाने हाक मारत नव्हती. "ही", "हिला", "हिचं" एवढंच.

एकदा गेले तर सोफा जागचा हलवलेला. त्याची पाठ बाल्कनीच्या काचेच्या दाराला अगदी चिकटवलेली होती. मी विचारलं तर म्हणाली, वारा येतो. त्या दाराला रबराची पट्टी होती आणि आत एसी चालू होता. तिथून वारा यायला जागाच नव्हती.

यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, बाळंतिणी अशाच असतात, झोप नसते ना. सासूबाईंचा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनाही आडून विचारलं. त्या म्हणाल्या, तिला कसली कमी आहे? आम्ही विहिरीचं पाणी काढून पोरं वाढवली. दोघांचंही बोलणं मला पटवून घ्यायचं होतं. मी पुस्तक उघडायची, बाळंतपणानंतरच्या आजारांवरचं पान काढायची आणि प्रत्येक ओळीत जावेचा चेहरा दिसला की पुस्तक मिटायची. फाउंडेशनच्या वर्षात सगळ्यांना असं होतं, जे वाचतो ते आजूबाजूला दिसायला लागतं, असं प्राध्यापिकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी त्या वाक्याला धरून बसले होते.

जानेवारीत इथं सकाळी दाट धुकं पडतं. अशाच एका सकाळी मी मरीनाला गेले. दीर ऑफिसला निघून गेले होते. वर पोचले तर खिडक्यांबाहेर नुसतं पांढरं. खालचा रस्ता नाही, पाणी नाही, समोरचे टॉवर नाहीत. घर कुठल्याच जमिनीवर उभं नाही असं वाटत होतं. जाऊ मला बाळाच्या खोलीत घेऊन गेली. तिला काहीतरी दाखवायचं होतं. कपाटात तिने बाळाचे कपडे लावले होते, खालच्या फळीवर आत्ताचे, वरच्या फळीवर सहा महिन्यांचे, त्याच्या वर वर्षाचे, सगळ्यांत वर दोन वर्षांचे. स्वेटर, मोजे, टोपरीसुद्धा. ती शांतपणे एकेक दाखवत होती, नव्या माणसाला ऑफिसचं काम समजावून द्यावं तशी.

मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही जरा जास्त वेळा येत जा. हिला तुमची सवय लागू दे."

शेजारच्या खोलीत वॉशिंग मशीन फिरत होतं, त्याचा आवाज मला एकदम मोठा वाटायला लागला. मी तिचा हात धरून तिला पलंगावर बसवलं. जुळवलेलं ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि ते बाहेर पडू नये असंही वाटत होतं. नाही म्हणाली तर घरभर माझी शोभा होईल. हो म्हणाली तर पुढे काय करायचं?

मी विचारलं, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

ती रडली नाही, दचकलीही नाही. खिडकीकडे बघत म्हणाली, "ती तुमच्याकडे राहील ना?"

मी तिचा हात सोडला नाही. तिला आणखी काही काही विचारलं, जेवढं शिकवलं होतं तेवढं. ती तुटक तुटक बोलली. मरावंसं वाटत नाही, पण आपण नसलो तर बाळाचं बरं होईल असं दिवसभर वाटतं, कुणीतरी शेजारी बसून सांगत असल्यासारखं. बाल्कनीची भीती वाटते, स्वतःचीही वाटते, म्हणून सोफा लावला. हे सगळं ती अगदी हळू सांगत होती, बाळाला कळेल की काय अशा आवाजात. शेवटी म्हणाली, "यांना सांगू नका."

खोटं वचन द्यायचं नाही, हेही शिकवलं होतं. मी म्हटलं, "सांगणार. पण तुझ्यासमोर सांगेन, तुझ्यामागे नाही."

तिने हात काढून घेतला. मी तिला एकटी सोडली नाही. ती स्वयंपाकघरात गेली की मी मागे, बाथरूमला गेली की मी दाराशी. तिथूनच मी दिरांना आणि यजमानांना फोन केले. दुपार झाली तरी बाहेरचं धुकं पुरतं विरलं नव्हतं.

दीर आधी पोचले. मी सांगत असताना ते बायकोकडे बघत होते आणि ती फरशीकडे. मग ते चिडले. इन्शुरन्समध्ये काय नोंद होईल, तिच्या बँकेला कळलं तर, व्हिसाचं काय, असं सगळं एकदम बोलले. आणि म्हणाले, "वहिनी, फाउंडेशनला आहात तुम्ही. डॉक्टर नाही झालात अजून."

ते खरं होतं. तेवढ्यात यजमान आले, किचनमधून तसेच, शर्टाला फोडणीचा वास. घरच्यांवर प्रयोग करू नकोस म्हणणारा माणूस. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग सोफ्याकडे पाहिलं. भावाला म्हणाले, तिला ताप असता तर तू केव्हाच निघाला असतास. गाडी काढ.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर इजिप्तच्या होत्या, प्रेमळ. त्यांनी जावेला तोच प्रश्न इंग्रजीत विचारला, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या रीतीने. जाऊ ताठ बसली आणि बँकेतल्या आवाजात म्हणाली, "नो, डॉक्टर. आय ॲम जस्ट टायर्ड." तिचं इंग्रजी इतकं स्वच्छ होतं की मलाही क्षणभर खरं वाटलं. दिरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांनी टायपिंग सुरू केलं. बाळ माझ्या मांडीवर होतं आणि आता आपण घरी जाणार, त्या मजल्यावर परत जाणार, एवढंच मला दिसत होतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, आमच्या भाषेत एकदा विचारू का? त्यांनी मान हलवली. मी जावेकडे वळून तेच वाक्य पुन्हा विचारलं, तिच्या नवऱ्यासमोर, भरल्या उजेडात. तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं, त्यात विनवणी होती आणि राग होता.

"हो," ती म्हणाली. "रोज येतो."

डॉक्टरांना मराठी कळत नव्हती, पण त्यांनी दिरांचा चेहरा पाहिला आणि कीबोर्डवरचे हात उचलले.

तिला त्याच दिवशी ॲडमिट केलं. बाळंतपणानंतरचं तीव्र नैराश्य आहे, उपचारांनी बरं होतं, वेळ लागेल, असं त्यांनी समजावलं. बाळ आमच्याकडे अल कुसैसला आलं. मी ज्या गोष्टीला घाबरले होते तीच होत होती, बाळाला माझी सवय लागत होती. ते माझ्या खांद्यावर झोपायचं आणि मला ते सुख वाटायच्या ऐवजी धडकी भरायची. फोन वाजला की मी आधी नंबर बघायची आणि मग श्वास घ्यायची. सासूबाईंनी कॉलवर सांगून टाकलं की हिच्या शिकण्याने घरात आजार आला, चांगल्या पोरीला वेडी ठरवलं. यजमानांनी फोन घेऊन काहीतरी सांगितलं, काय ते मी विचारलं नाही.

मी वर्गात गेले तेव्हा प्राध्यापिकांना तास संपल्यावर गाठलं आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली नाही. तू स्वतः झोपतेस का, जेवतेस का, घरी तुझ्याशी कोण बोलतं, असं विचारलं आणि मला युनिव्हर्सिटीतल्या समुपदेशकाकडे पाठवलं. रत्नागिरीवाली मुलगी काही न विचारता दाराबाहेर बाकावर बसून राहिली.

जाऊ हळूहळू सावरली. औषधं लागू पडेपर्यंत बरेच वाईट दिवस गेले. एकदा सुधारली म्हणेपर्यंत पुन्हा घसरली, तेव्हा दिरांनी ऑफिसला रजा टाकली आणि कुणी न सांगता स्वतःच तिला डॉक्टरांकडे नेलं. मग तिची आई आली. मरीनाचं घर त्यांनी सोडलं आणि आमच्या जवळच पहिल्या मजल्यावर भाड्याने घेतलं. मी निबंध उशिरा दिले, काठावर पास झाले आणि पहिल्या वर्षाला गेले.

ती आता नोकरीवर परत जाते. गोळ्या अजून चालू आहेत, तपासणीला ती स्वतः जाते. बाळ रांगायला लागलंय आणि जाऊ त्याला नावाने हाक मारते. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नव्हतो. परवा शुक्रवारी ती आमच्या किचनमध्ये माझ्याबरोबर मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही विचारलंत ना, तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. डॉक्टरांसमोर तर जास्तच." आणि एक काडी खुडून, "अजून आहे थोडासा."

"असू दे," मी म्हटलं.

तिने पुढची जुडी सोडवली. माझे कान तिच्या आवाजाकडे लागले होते, त्यात तेव्हाचं काही उरलंय का ते शोधत. आजकाल ते आपोआप होतं, घरात, वर्गात, डबा घ्यायला येणाऱ्यांशी बोलतानाही. तिच्या ते लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "ताई, ऐकू नका असं. विचारा."

मग मी विचारलं.