बागेत आलेला पिकल्या केळीचा वास

मला कुठलीही गंमतशीर माहिती पचत नाही. बैलाला लाल रंग दिसत नाही, साप दूध पीत नाही, मुंगीला फुप्फुसं नसतात, असं काही वाचलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. शिंदखेड्याच्या शाळेत माझ्या वर्गातली पोरं बिचारी ऐकून घेतात. असोद्याला माहेरी आले की आबा, म्हणजे माझे वडील, हातच जोडतात. "माय, बैलाले पुसलं का तू, लाल दिसते का नै ते?"

त्या दिवशी केळीची कापणी होती. बांधावरच्या उंबराखाली बाज टाकून आबा हुकूम सोडत बसले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम महिना झालेला. काठीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, मग पळायचं तर सोडाच. आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, वरच्या फांदीला, सुपापेक्षा मोठं आग्या मोहोळ. ते दरसाल तिथेच बसतं, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. सकाळीच मी म्हटलं होतं, बाज हलवा. पण सावली तेवढीच आहे म्हणे.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ते मान चोळत होते. एक माशी चावली होती, ती त्यांनी तिथेच चिरडली होती. काटा काढायला मी वाकले आणि वास आला. पिकल्या केळीचा, गोड, दाट वास.

आमच्याकडे घड हिरवेच कापतात, ते पिकतात पुढे व्यापाऱ्याकडे. बागेत हा वास यायचं कारणच नव्हतं. आणि मी वाचलेलं होतं, मधमाशी डंख मारते तेव्हा तिच्या अंगातून सुटणारा वास थेट पिकल्या केळीसारखा असतो. त्या वासानं बाकीच्या माश्या त्याच जागी धावून येतात. तो वास आता आबांच्या मानेला लागला होता.

"आबा, उठा लवकर. हा वास केळीचा नाही, माशीचा आहे."

"केयीच्या गावात केयीचा वास नै येईन त काय चंदनाचा येईन?"

घड खांद्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे निघालेला मजूरही हसला. जन्मभर केळीत राहिलेल्या माणसांना तो वेगळा जाणवतच नाही. माझं नाक सासरच्या बारा वर्षांत, केळी नसलेल्या शिंदखेड्याला, कोरडवाहू झालंय, म्हणून मला आला.

मी वर पाहिलं. मोहोळावरून माश्यांची एक लाट सरसरत गेली. लगेच दुसरी. आबांच्या कॉलरवर आणखी एक माशी येऊन बसली. त्यांना उचलणं माझ्याच्यानं होणार नव्हतं, आणि मी ओरडले असते तर त्यांनी घाबरून हात झटकले असते, माश्या आणखी चवताळल्या असत्या. मला माझाच संताप आला. आयुष्यभर नको तिथे माहिती पाजळली, आणि आज खरी गरज असताना कोण ऐकणार!

मी त्यांच्या खांद्यावर रेलले आणि दंड धरून त्यांना ओढू लागले. "आबा, मले चक्कर येऊ रायली. धरा मले. आत केयीच्या गारव्यात चला."

ते उठले. काठी बाजेवरच राहिली. बाजेजवळच्या कळशीतल्या पाण्यात पदर बुडवून, वास दबावा म्हणून, मी त्यांच्या मानेवर टाकला आणि आम्ही निघालो. ते मला धरून, मी त्यांना धरून. चाळीस पावलं असतील. प्रत्येक पावलाला ते दात आवळत होते आणि मागची घूंघूं वाढत होती. मी मागे पाहिलं नाही. केळीच्या दाट ओळीत शिरलो, पानं मागे मिटली, तरी मी त्यांना ओढतच राहिले.

मग उंबराकडे माश्यांचा एकदम गदारोळ उठला. पानांच्या फटीतून बाज दिसत होती. ती काळी झाली होती, आणि ते काळं हलत होतं.

आम्ही खाली बसलो. मी म्हटलं, "आबा, मला चक्कर आली नव्हती."

"माहीत हाये. चक्कर आलेलं मानूस लटकते, ओढत नै."

"मग उठलात कशाला?"

ते गुडघा चोळत राहिले. "तुही माहिती मले कधी पटली नै. पन तुले इतकं भेलेलं मी कधी पायलं नव्हतं."