चिंतामणी कुणीकडं वळला

आमच्या सासूबाईंच्या लेखी नवस फेडला की दुखणं संपलं. माझ्या डाव्या छातीचा कॅन्सर सोलापूरच्या डॉक्टरांनी कापून काढला, पण बरं केलं ते तुळजापूरच्या आईनं, असं त्यांनी जळकोटभर सांगितलं. सांगू द्या. देवीशी माझं काही वाकडं नव्हतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "बाई, दर तीन महिन्यांनी तपासायला यायचंच. हा रोग पुन्हा उठतो." पहिली तारीख आली तसा सासूबाईंनी मोडता घातला. "नवस फेडला न्हवं? आता डागदराला दाखवायचं म्हंजे आईवर भरवसा न्हाय व्हय तुजा?" निजामाचं राज्य जाऊन दहाबारा वर्षं झाली होती, आमच्या घरातलं तेवढं शाबूत होतं.

आमचे हे शाळेत मास्तर. चारचौघांत विज्ञानाच्या गप्पा लई, आईपुढं दातखीळ. दुसरी तारीखही अशीच बुडाली. मग एक दिवस न्हाताना काखेत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. ह्यांचा हात धरून दाखवली, तर म्हणाले, "आईला विचारू." असा संताप आला म्हणून सांगू! गाठ माझ्या काखेत, आणि विचारायचं आईला!

ह्यांच्या आईनं देवीला विचारायचं ठरवलं. तिघं तुळजापूरला गेलो. देवळात चिंतामणी आहे, गोल दगड. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं वळला तर होय, डावीकडं वळला तर नाही. प्रश्न एकच, हिला डॉक्टरकडं न्यावं का? मी पुढं बसणार तोच सासूबाई म्हणाल्या, "आपरेशनपासनं तुजा हात कुठं धड हाय? सरक." आणि स्वतः बसल्या. जीव माझा, हात त्यांचे.

दगड डावीकडं वळला.

"बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणाले. "आता तुम्ही जळकोटला जावा. मी सोलापूरला चालले."

"देवीचा शब्द मोडतीस?" त्या किंचाळल्या. हे कुजबुजले, "अगं, लोक बघतायत." बघू देत की! मी पायऱ्या चढून तडक मोटारस्टँड गाठला. मागं कुणी आलं नाही.

डॉक्टर आधी लई रागावले, मग त्यांनी गाठ चाचपली. त्याच आठवड्यात ती काढली. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी कुणी नव्हतं. पुढं मी एकही तारीख चुकवली नाही आणि कुणाला विचारलंही नाही.

दोनेक वर्षांनी आमच्याकडं हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. सासूबाई त्यांना रंगवून सांगत होत्या, "चिंतामणी असा उजवीकडं वळला, तवा तर हिला सोलापूरला धाडली!" दारात उभे असलेले आमचे हे मान डोलवत होते. कुंकू लावता लावता माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जगले म्हणून तो दगड उजवीकडं वळला. मेले असते, तर डावीकडंच राहिला असता.