साडभाऊ रस्ता विचारतात

आमच्या साडभाऊंइतका रस्ता विचारणारा माणूस वऱ्हाडात आजवर झाला नाही आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडचे लोक नुसतं साडू म्हणून मोकळे होतात, पण आमच्याकडे त्या नात्याला 'भाऊ' जोडलेला आहे, तेव्हा ते निभवावंच लागतं. ते राहतात चिखलीला, मी बुलढाण्याला. मधे अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तीस वर्षं त्या रस्त्यानं त्यांचं येणंजाणं आहे, तरी हा गृहस्थ दर खेपेला वाटेत गाडी थांबवणार, काच खाली करणार आणि कुणालातरी विचारणार, "काय भाऊ, बुलढाणा इकडंच ना?" एकदा मी वैतागून म्हणालो, "साडभाऊ, बुलढाणा काय उठून दुसरीकडे राहायला गेलं?" तर अगदी शांतपणे म्हणाले, "मास्तर, गाव हालत नाई, रस्ता हालते. मले नका सांगू, म्या मोजले हायेत."

हे मात्र खरं. साडभाऊंची सारी नोकरी जमीन मोजणीत गेली. काखेत नकाशाची गुंडाळी, हातात साखळी आणि डोक्याला पंचा बांधून जिल्ह्यातल्या बांधाबांधावरून ते फिरले आणि त्यातून एकच गोष्ट शिकले, की नकाशा एक सांगतो, जमीन दुसरंच सांगते आणि शेजारचा शेतकरी तिसरं. म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक कायदा करून ठेवला. कुठलीही गोष्ट तिघांना विचारायची. एकाचा भरवसा नाही, दोघं भांडत बसतात, तिसरा निकाल देतो. दोघांचं जुळलं की तो रस्ता धरायचा. आणि तिघांचंही तंतोतंत जुळलं तर? "तर समजाचं का साक्षीदार पढवलेले हायेत," ते बोट नाचवत म्हणत. "खरी माणसं कधी एकसारखं बोलत नाईत. मंग चौथ्याले विचाराचं!" हा कायदा रस्त्यापुरताच नव्हता बरं का. कूलर घेताना तिघं, दाढ दुखली तर तिघं, टरबूज पिकलंय की नाही यालाही तिघं. एकदा लोणारजवळच्या एका खेड्यात लग्नाला निघालो होतो. वाटेत तिघांनी एकच रस्ता सांगितला, झालं! साडभाऊंना वास आला. त्यांनी चौथा शोधून काढला, आणि त्या पुण्यवंतानं आम्हाला शेतांमधल्या अशा काही पांदीत घातलं, की लग्नघरी पोचलो तेव्हा पंगती उठून आचारी भांडी घासत होते. परतीच्या वाटेवर मी उपाशीपोटी दातओठ खात होतो आणि साडभाऊ म्हणत होते, "पण त्या तिघायचं एकमत झालंच कसं?"

अशा माणसाच्या पोटी रेणू जन्माला आली. एकुलती एक. अकोल्याला गुरांची डॉक्टर झाली, पुढे शिकायला न्यूझीलंडला गेली आणि तिथल्याच एका दूधवाल्या शेतकऱ्याशी लग्न करून मोकळी झाली. कळवलं ते लग्न झाल्यावर. साडभाऊ संतापले नाहीत, आरडाओरडा केला नाही. नुसते एवढंच म्हणाले, "तीन माणसं सोडा, एकालेही विचारलं नाई पोरीनं." आणि त्यानंतर सहा वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. रेणूचा फोन यायचा तो ताईला, म्हणजे माझ्या मेहुणीला. ताई स्वयंपाकघरात बोलत उभी राहायची, आणि बाहेरच्या खोलीत साडभाऊ काय करायचे? उठून कूलर बंद करायचे! भर मे महिन्यात, चिखलीच्या उन्हात! मी एकदा समोरच बसलो होतो. घामानं निथळत विचारलं, "कूलर का हो बंद केला?" म्हणाले, "लाईट वाचवून राह्यलो." आणि कान स्वयंपाकघराकडे. आतला फोन संपला की कूलर पुन्हा सुरू. मी हसलो होतो खरा, पण घरी येऊन बायकोला ते सांगताना मात्र हसू आलं नाही.

मग नातू झाला, तो चालायला लागला आणि रेणूनं आईला स्वच्छ सांगितलं, की आता दोघांनी यायचंच. साडभाऊंनी तीन दिवसांत तिघांना विचारलं. पैकी एक मी. दोन विरुद्ध एक मतानं जायचं ठरलं (विरोधात कोण होतं ते मला अजून कळलेलं नाही, बहुधा ते स्वतःच). पण एक अट. विमानतळावर जावई घ्यायला येणार होता, ते त्यांना नको होतं. "ज्याले पाह्यलं नाई, विचारलं नाई, त्याच्या गाडीत म्या बोचक्यासारखं बसाचं? माह्या पोरीच्या दारी म्या माह्या हातानं गाडी हाकत जाईन. अन् नाई पटलं तं माह्या हातानं वापस." तिकडेही गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनंच चालते, परवान्याचं कामही झालं. पण रेणूनं कळवलं, की तिच्या शेताकडच्या रस्त्यावर मोबाईलला रेंज नसते, तेव्हा फोनवरच्या नकाशावर विसंबू नका, ज्याच्या पोटातच तिकडचा सगळा नकाशा आहे असं जीपीएसचं वेगळं यंत्र घ्या. झालं. साडभाऊंना जन्माचं काम मिळालं.

बुलढाण्यात गाड्यांचं सामान विकणारे रफिकभाई आहेत. माणूस मोठा सोशिक. त्यांच्या दुकानात आम्ही जे ठाण मांडलं, ते होळीपासून पोळ्यापर्यंत. सुरुवातीच्या यंत्रांत इकडचाही नकाशा होता, तेव्हा पहिलं यंत्र काचेला चिकटवून साडभाऊंनी त्याची परीक्षा घेतली ती स्वतःच्या घरावरून. बुलढाण्याहून निघालो, यंत्रात चिखलीचा पत्ता टाकला. यंत्रानं आम्हाला धान्य बाजाराच्या मागच्या भिंतीशी नेऊन उभं केलं आणि जाहीर केलं, की तुमचं ठिकाण आलं. साडभाऊ खाली उतरले. तिथून घरापर्यंत पावलं मोजत गेले, मी मागून गाडी घेऊन. दारात पोचल्यावर वहीत लिहिलं, 'एकशे नव्वद पावलं फरक. हरकत नोंदवली.' वर ताईला ओरडून सांगितलं, "आपलं घर सरकलं बरं का!" दुसरं यंत्र हिंदीतून बोलणारं होतं. ते घेऊन राजूर घाट उतरलो. वळणावर वळण, खाली दरी, आणि बाई गोड आवाजात सांगते आहे, सीधे चलिए. साडभाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि तिला विचारलं, "सीधे? तुही माय हाय का तिकडं?" तिसऱ्याचा पडदा उन्हात दिसत नव्हता, चौथ्याची तार आखूड होती, पाचवं चांगलं होतं तर त्याचा बाईमाणसाचा आवाज ताईला आवडला नाही असं साडभाऊंनी सांगितलं. ताईला विचारलं तर तिनं तो ऐकलाही नव्हता.

मधल्या काळात विमानाच्या तारखा दोनदा पुढे ढकलल्या. मला वाटायचं, चिकित्सक आहे माणूस, दुसरं काय! पण एकदा ताई आमच्याकडे आली आणि माझ्या बायकोजवळ बसून रडली. म्हणाली, "यंत्र पसंत नाही असं काही नाही गं. त्यांना भीती वाटते. पोरगी दारात आली आणि तोंड फिरवलं तर काय करायचं, याची. तिथं गेलोच आणि जरासा रस्ता चुकला ना, तर तेवढंच निमित्त करून हे गाडी मागं फिरवतील. मग माझी रेणू मला दिसत नाही." ते ऐकलं आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी मी रफिकभाईंना गाठून म्हटलं, "आता काहीही करा, पण ह्यांना एक यंत्र पसंत पडलंच पाहिजे."

रफिकभाईंनी मुंबईहून एक यंत्र मागवलं. त्यात फक्त न्यूझीलंडचाच नकाशा होता. दुकानासमोर उभं राहून साडभाऊंनी ते सुरू केलं. पडद्यावर सगळं करडं, मधोमध एक बाण, आजूबाजूला ना रस्ता ना गाव. जरा वेळानं इंग्रजीत अक्षरं उमटली, की तुमच्या जवळपास कुठलाही रस्ता मला सापडत नाही. रफिकभाई ओशाळले. "काकाजी, याच्यात तिकडचाच नकाशा हाय ना. इकडचं याले काय मालूम?" मी मनात म्हटलं, गेलं हेही. पण साडभाऊंचा चेहरा उजळला होता! त्यांनी यंत्र दोन्ही हातांत धरून पुन्हा वाचलं. "मास्तर, पाहा! याले माहीत नाई, तं हे नाई म्हणून राह्यलं! आपल्या जिल्ह्यात असा माणूस दाखवा मले. म्या तीस वर्षं रस्ता विचारला, 'मले माहीत नाई' असं एकानंही सांगतलं नाई. ज्याले ठाव नाई तोही हात करून देते. हा साक्षीदार खरा हाय. बांधा, रफिकभाई!" रफिकभाईंनी ते इतक्या घाईनं बांधलं, की खोक्यात स्वतःचा पेनही बांधून दिला.

आता तिकडे काय झालं ते ताईच्या तोंडून. विमानतळावर भाड्याची गाडी घेतली, यंत्र काचेला चिकटवलं, साडभाऊ जीव मुठीत धरून निघाले. यंत्र बरोबर सांगत होतं. दोन तास दुतर्फा हिरवी कुरणं, गाई, मेंढ्या आणि माणूस मात्र औषधालाही नाही. साडभाऊ बेचैन. विचारायचं कोणाला? शेवटच्या टप्प्यात त्यांनी गाडी कडेला घेतली. "याचं काई खरं नाई. परत जाऊन नीट विचारून येऊ," ते म्हणाले. ताईला वाटलं, सापडलं यांना निमित्त. तेवढ्यात पुढे एक पेट्रोल पंप दिसला. तिथल्या बाईला साडभाऊंनी आपल्या मोजणीखात्याच्या इंग्रजीत विचारलं. ती हसली आणि पुढे हात केला, सरळ जा. पुढे एक जण कुंपणाची तार ओढत होता, त्यानं तर काच खाली व्हायच्या आतच पक्कड बाजूला ठेवली. सरळ, पुलानंतर डावीकडे. पुलाशी एक म्हातारी छत्री घेऊन फाटकात उभी होती. पाऊस नव्हता, ऊन नव्हतं. तिनंही तेच सांगितलं आणि वर आपल्या बागेतली लिंबं दिली पिशवीभर. तिघांचं एकमत! ताईनं डोळे मिटून घेतले. आता हे चौथा शोधणार आणि सगळं मुसळ केरात जाणार. पण साडभाऊंनी गाडी सुरू केली आणि ते डावीकडे वळले.

पहिल्याच दिवशी ओट्याशी भाजी चिरता चिरता रेणूनं आईला खरं काय ते सांगितलं. तिला बाप ठाऊक होता. यंत्र घेतलं तरी बाबा विचारणार, तिघांना विचारणार. त्या रस्त्यावर माणूस दिसेल अशा जागा तीनच. तिन्ही घरच्या गाई तिच्याच औषधपाण्याखाली. सात दिवस आधी ती तिन्ही दारं वाजवून आली. म्हणाली, माझे वडील येतील, गाडी थांबवतील, घाबरल्यासारखे दिसतील, त्यांना माझ्या घरचा रस्ता सांगा. कोणालाही न विचारता लग्न केलेल्या त्या पोरीनं बापासाठी तीन घरी जाऊन विचारलं. "बाबांना कळू देऊ नकोस," एवढं आईला बजावलं. ताईनं माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला, आणि आम्ही तिघंही तोंड शिवून बसलो.

परवा साडभाऊंबरोबर लोणारला निघालो होतो. ते यंत्र आता त्यांच्या गाडीत कायमचं बसलंय, पडद्यावर तेच करडं आणि मधोमध बाण. नकाशा बदलून घ्या म्हटलं तर म्हणतात, "इकडं माणसं हायेत ना विचाराले." मेहकरच्या पुढे फाट्यावर त्यांनी सवयीनं गाडी थांबवली, आणि माझी जीभ वळवळली. म्हटलं, "काय हो, तिकडं तिघांनी एकच सांगितलं, मग चौथ्याला का नाही विचारलं?"

साडभाऊ हसले. "मास्तर, सारी नोकरी बांधावर गेली माही. पढवलेला साक्षीदार मले वळखू येत नाई काय? ती म्हातारी बिनपावसाची छत्री घेऊन उभी! पण म्हटलं, माह्यासाठी ह्यायले पढवाले कोणीतरी गेलं ना दारोदार." मग समोर पाहतच म्हणाले, "पोरीनं मले विचारलं नाई, म्हणून सहा वर्षं बसलो रुसून. साऱ्या दुनियेले रस्ता विचारला, पण माह्या पोरीले एक दिवस फोनवर विचारलं नाई, की कशी हायेस बाई तू."

"मग?"

"मंग काय? दारात गाडी लावली, खाली उतरलो, ती समोर उभी होती. पह्यलं तेच विचारलं."

"काय म्हणाली?"

"रडली. मंग म्हणे, बरी हाय बाबा." त्यांनी काच खाली केली. "चौथ्याले विचाराची गरजच नाई पडली."

फाट्यावरच्या शेंगावाल्याला त्यांनी विचारलं, "काय भाऊ, लोणार इकडंच ना?" त्यानं बिनदिक्कत डावीकडे हात केला. लोणारचा रस्ता उजवीकडचा होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी काही बोललो नाही. पोचायला उशीर झाला तर झाला.