नर्सबायचे हात

फोन आला तेव्हा मी न वाळलेले कपडे इस्त्रीने वाळवत होते. पावसाळ्यात पेडण्याकडच्या आमच्या कोरगावात हा रोजचाच उद्योग. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "तुमी कोरगांवच्यो वयनी न्हय? हांव सर्वणसावन उलयतां. आमची आते गेली, सकाळीं. तिच्या फोनाच्या वहींत तुमचें नांव आशिल्लें…" मी "कोण आते?" असं विचारलं खरं, पण विचारतानाच मला कळलं होतं, कारण तेवढ्यात माझ्या पोटाला उजव्या बाजूने तो गार हात लागला. पस्तीसेक वर्षं झाली, तो अधूनमधून लागतोच. एकदा डॉक्टरांना सांगून पाहिलं, तर त्यांनी गॅसची गोळी लिहून दिली. इस्त्री बंद करायचं भान राहिलं नाही आणि नवऱ्याच्या सदऱ्याला तपकिरी डाग पडला.

गेली ती सुलूबाय. आमच्या गावच्या उपकेंद्रावर नर्स होती. गोवा घटक राज्य झालं त्याच्या वर्षभर आधी ती डिचोलीकडच्या सर्वणहून बदली होऊन आली. भावाच्या सायकलीवर शिकलेली, पुढे स्वतःची बायकांची सायकल घेतलेली, काळी, पुढे वेताची टोपली. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती चढ चढायला लागली की आमच्या वाड्यावरची पुरुषमंडळी उगीचच दुसरीकडे बघत. त्या दिवसांत दर दुसऱ्या ओसरीवर मराठी की कोकणी हा वाद रंगलेला असे. आमच्या धाकट्या भाऊजींनी एकदा तिला अडवून विचारलं, "बाय, तुमी खंयच्या बाजूच्यो?" ती सायकलीवरून न उतरताच म्हणाली, "ज्या बाजून पोट दुखता त्या बाजूची." आणि गेली. तिच्याविषयी असल्या चार गोष्टी सांगून लेख संपवणं सोपं आहे. पण तिच्याशी मी एक खोटं बोलले होते, ते तिला कबूल करायचं राहून गेलं. ते वगळून लिहिलं तर आणखी एक खोटं होईल.

गोव्यात कसली आलीय थंडी, असं घाटावरची माणसं म्हणतात. त्यांनी श्रावणात भरल्या पावसात तासभर सायकल चालवून बघावी. पाण्याने माणूस एवढा निवत नाही जेवढा ओल्या अंगाला लागणाऱ्या वाऱ्याने निवतो, असं सुलूबायच सांगे. ती आली की बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली, पायाचे अंगठे निळसर. म्हणून कुठल्याही घरी गेली की आधी ती विस्तव मागायची. हात शेकायचे, उलटसुलट करायचे, बोटं एकेक मोडून बघायची, आणि मगच बाईच्या पोटाला हात लावायचा. यात दहा-पंधरा मिनिटं जात. बायका कुरकुरत, "नर्सबाय तपासूक येता काय शेकूक?" ती चिडायची नाही. म्हणायची, गार हात लागला की पोट दगडासारखं घट्ट होतं, मग आतलं काही हाताला लागत नाही. "आनी निवलेल्या बोटांक माथें आनी कुलो एकच गो!" निवलेल्या बोटांना बाळाचं डोकं काय आणि ढुंगण काय, सारखंच! यावर आम्ही पदर तोंडाला लावून हसत असू. काही घरांत ती सरळ चुलीपुढे जाऊन बसे. आमच्या घरी मात्र खापरात घालून विस्तव ओसरीवर यायचा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिची जात विचारून घेतली होती, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं… हेही लिहून टाकते.

मला आठवा सरत आला होता. पहिलीच खेप. तीन दिवस पाऊस धरून होता आणि तो श्रावणातला शुक्रवार, म्हणजे जिवतीपूजनाचा. जिवती ही मुलाबाळांना राखणारी. सासूबाई सावंतवाडीकडच्या, त्यांचं सगळं साग्रसंगीत. सकाळपासून चुलीवर पुरण रटरटत होतं. सुलूबाय ओसरीवर आली ती कोपरापर्यंत भिजलेली. रेनकोटाच्या बाह्यांतून पाणी गळत होतं. पिशवीचा बंद तिला सोडता येईना, शेवटी मी सोडून दिला. "वयनी, मातसो उजो हाड गो," ती म्हणाली. मी आत गेले, खापर घेतलं, चुलीशी वाकले, तोच सासूबाईंनी माझा हात धरला. "आज जिवतेचो सुक्रार. चुलीतलो इस्तो उंबऱ्याभायर जायत नाय. तुझ्याच पोरासाठी ह्यां सगळां करतंय ना?" मी म्हटलं, मग तिला आत बोलावू? त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी पंचवीस वर्षांची, चांगली मॅट्रिक झालेली, पेपर वाचणारी. शेजारचं घर वीस पावलांवर होतं. तिथे जाऊन शेकून या, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत जाईल या लाजेने मी रिकाम्या हाताने बाहेर आले. म्हटलं, "बाय, चूल पेटना. लाकडां भिजलीं. चलता, तुमी तशेंच पळयात."

तिने एकदा आतल्या दाराकडे बघितलं. मग तळवे एकमेकांवर घासले, त्यांवर फुंकर घातली, हात काखेत धरून थोडा वेळ बसली. तिला अजून दोन वाड्यांवर जायचं होतं. मग तिने हात ठेवला आणि माझं सगळं अंग आखडलं. तिने दाबून बघितलं, हात काढला, पुन्हा ठेवला. "राव मातशें," जरा थांब, म्हणाली. पुन्हा एकदा बघितलं. शेवटी म्हणाली, "माथें सकयल आसा. बरें आसा." मला सुटल्यासारखं झालं, कारण ती आता जाणार होती. संध्याकाळी जिवतीला नैवेद्य दाखवला तेव्हा मी मनापासून हात जोडले.

पुढे सतरा दिवसांनी पहाटे कळा सुरू झाल्या. माथें खाली आहे म्हटल्यावर कुणालाच घाई वाटली नाही. टॅक्सी मिळेपर्यंत, रस्त्यावर पडलेलं झाड चुकवून वळसा घेऊन हॉस्पिटलात पोचेपर्यंत दुपार झाली. बाळ पायाळू होतं. मुलगी होती. तिचा रंग माझ्या सासूबाईंसारखा उजळ होता, एवढंच मला बघायला मिळालं. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, शेवटच्या दिवसांत मूल कधीकधी फिरतंही, कुणाला दोष देता येत नाही. येत नाही हे मलाही कळतं. पण त्या शुक्रवारी ती बोटं उबदार असती तर… या 'तर'च्या पुढे मी आजवर जाऊ शकलेले नाही.

चौकशीला वरचे एक साहेब आमच्या ओसरीवर आले. सुलूबाय खांबाला टेकून उभी होती. "माझे हात बधिर झाले होते," ती म्हणाली. "ह्यांची चूल भिजलेल्या लाकडांनी पेटत नव्हती. मी दुसऱ्या घरी जाऊन शेकून यायला पाहिजे होतं. मी थांबले नाही. चूक माझी." साहेबांनी लिहून घेतलं. सासूबाई दाराआड होत्या, मी दारात होते. दोघींपैकी एकीच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. माझं खोटं तिने खरं मानलं आणि ते ती साहेबांना सांगतेय, हे ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यानंतर सुलूबायने कुठल्याच घरी विस्तव मागितला नाही. तिने आपली व्यवस्था आपणच केली आणि तिची ती गावभर थट्टेची गोष्ट झाली. निघण्याआधी पायांना मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चोळायची. ते थिजलेलं असतं, चोळलं की कातड्यावर बसतं आणि पाणी धरू देत नाही. त्यावर लोकरीचे मोजे, मोज्यांवर दुधाच्या पिशव्या, घोट्याशी सुतळीने सैल बांधलेल्या. घट्ट बांधलं तर पाय जास्तच निवतो म्हणे. भावाने खाणीवरचे रबरी बूट आणून दिले होते, ते तिने आठ दिवसांत परत केले. "वयल्यान उदक भितर सरता, मागीर तें आपले घरच समजता." जुन्या मोज्यांच्या नळ्या कापून ती मनगटांत घालायची, कारण ऊब मनगटातून जाते, बोटं फक्त बोंबलतात, असं तिचं म्हणणं. आणि टोपलीत गरम पाण्याचा फ्लास्क. त्या पावसाळ्याच्या शेवटी मी जुन्या कांबळ्याचे दोन तुकडे काढले, वरून रेनकोटाचं कापड लावलं, आणि तिच्या सायकलीच्या मुठींवर बसतील अशा दोन पिशव्या शिवल्या, बाहेरून हात आत घालायचा, आत ब्रेकसुद्धा धरता येईल अशा. भाऊजी म्हणाले, सायकलीला स्वेटर घातला. सुलूबायने हात घालून बघितले. "बरे जाल्यात गो," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, त्या पिशव्या देताना सांगून टाकीन. नाही सांगितलं.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. नवरा म्हणाला, थेट हॉस्पिटलात नाव घालू, ही बाई नको. मी म्हटलं, हॉस्पिटलातही घालू, पण आधी ती बघेल. ती अंगणातच उभी राहिली. "पळोवं?" असं तिने विचारलं, आणि असं तिने यापूर्वी कधी विचारलं नव्हतं. मग ओसरीवर बसून फ्लास्कमधलं पाणी तिने तांब्यात ओतलं, हात बुडवून बसली, पुसले, आधी स्वतःच्या गालाला लावले, मग माझ्या गालाला. "गरम आसा?" मी मान हलवली. तिचे हात इतके गरम होते की मला रडू आलं. तिला वाटलं, मला पहिलीची आठवण झाली. तिने तिथेच माझे डोळे पुसले. आज माझा मुलगा पणजीला नोकरीला आहे, त्याला यातलं काही ठाऊक नाही.

सासूबाई गेल्या, त्या विषयाचं एक अक्षर न बोलता. सुलूबाय निवृत्त होऊन सर्वणला गेली. दर गणेशचवथीला फोन व्हायचा. मी मनाशी वाक्य जुळवून ठेवायची आणि ती म्हणायची, "पांयांक मुठेल लायता मगो?" की वाक्य गळून जाई.

बाराव्याला मी सर्वणला गेले. लोक आटोपले होते, घरातल्या चारपाच बायका चहा घेत बसल्या होत्या. फोन करणारी ती भाची, तिशीतली असेल, आत्याच्या आठवणी सांगत होती. सांगता सांगता हसायला लागली. "आते एक गजाल सांगताली. पेडण्यांत एका घरांत तिणें उजो मागलो, तर सून भायर येवन म्हणता, चूल पेटना, लाकडां भिजल्यांत. आनी भितरसावन पुरणाचो असो घमघमाट! आते म्हणताली, त्या बायेक खोटें उलोवपाक येनासलें, कान तांबडेलाल जाल्ले." सगळ्या हसल्या. एकीने विचारलं, मग आते काहीच बोलली नाही? "कितें उलयतली? म्हणताली, सासू भितर, भुरगें पोटांत, तिणें तरी कितें करचें? त्या दिसासावन तिणें फ्लास्क घेतलो."

पुढचं तिने घरी सांगितलंच नव्हतं. माझ्या मुलीचं नाही, साहेबांचं नाही. तिला त्याच क्षणी सगळं कळलं होतं, आणि कळूनही तिने सरकारी कागदावर माझं खोटं आपल्या तोंडाने खरं करून दिलं होतं. भाची माझ्याकडे वळली, "तुमी कोरगांवच्यो न्हय? तें घर खंयचें, तुमकां खबर आसतलें."

"ना गो बाये," मी म्हणाले. "माका खबर ना."

ती माझ्या कानांकडे बघत राहिली. मग काही न विचारता तिने माझ्या हातातला कप काढून घेतला… बाये, तू हे वाचशील म्हणून लिहिते. ते घर आमचं. चूल पेटलेली होती.